९.८ च्या अलीकडे आणि पलीकडे



अकरावीच्या फिजिक्स लॅबमधला सर्वांत स्वस्त प्रयोग म्हणजे साधा लंबक. लोखंडी स्टँड, मधोमध चिरलेलं एक बूच, त्या चिरेत अडकवलेला दोरा, दोऱ्याला पितळेचा किंवा लोखंडाचा गोळा, एक मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच, की झाली तयारी. वीज लागत नाही आणि फुटण्यासारखं काही नसतं, म्हणून बहुतेक ठिकाणी वर्षाची सुरुवात याच प्रयोगानं होते. मुलं दोऱ्याची लांबी बदलतात, वीस दोलनांना लागणारा वेळ मोजतात, त्यावरून आवर्तकाल काढतात आणि पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाची किंमत जर्नलमध्ये लिहितात. ती किंमत प्रतिसेकंदवर्गाला ९.८ मीटर येते. हजारो जर्नलांत, दरवर्षी, ती ९.८ च येते.

इथेच शंका घ्यायला हवी. दोरा हातानं बांधलेला, घड्याळाचं बटण अंगठ्यानं दाबलेलं आणि मोजणारं मूल सोळा वर्षांचं असेल, तर उत्तरं थोडीफार विखुरलेली यायला हवीत. ती विखुरत नाहीत याचं कारण लॅबमध्ये वावरलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. सूत्र उलटं लावलं की ८० सेंटिमीटर लांबीला वीस दोलनांचे ३५.९ सेकंद आणि एक मीटरला ४०.१ सेकंद हे आकडे कॅल्क्युलेटरवर मिळतात. मग गोळा हलवायचीही गरज उरत नाही. रीडिंग ‘जुळवून’ लिहिली जातात, आलेखावरचे ठिपके एका ओळीत बसतात, तपासनीस सही करतात. हे सगळं आळसापोटी होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. चुकलेल्या उत्तराला गुण मिळणार नाहीत ही भीती त्यामागे आहे, आणि ती भीती मुलांना मोठ्या माणसांनीच घातली आहे.

या एका प्रयोगापुरतं तरी हे थांबायला हवं, हे आजच्या व्याख्यानाचं म्हणणं आहे. लंबकाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात ज्यांचं उत्तर अपेक्षेशी जुळलं नाही आणि ज्यांनी ते तसंच लिहून ठेवलं, त्यांच्यामुळे पृथ्वीचा आकार कळला आणि हिमालयाच्या पोटात काय आहे याचा अंदाज आला.

आधी प्रयोगाकडे जवळून पाहू. लंबकाचा आवर्तकाल दोन गोष्टींवर अवलंबून असतो: लांबी आणि त्या जागेचं गुरुत्व. गोळ्याचं वस्तुमान त्यात येत नाही, आणि झोका लहान असेल तोवर झोक्याचा पल्लाही जवळपास येत नाही. ‘जवळपास’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गोळा उभ्या रेषेपासून १० अंश बाजूला नेऊन सोडला तर आवर्तकाल सुमारे ०.२ टक्क्यानं वाढतो. उत्साहाच्या भरात ३० अंशांवरून सोडला तर तो पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि गुरुत्व साडेतीन टक्के कमी भरतं. लंबकाच्या नियमितपणाकडे जगाचं लक्ष वेधलं ते गॅलिलिओनं, पण पल्ला कितीही असला तरी वेळ तोच लागतो अशी त्याची समजूत होती. ती अचूक नव्हती.

दुसरी चूक मोजण्याची. गोळा मधल्या खुणेवरून जातो त्या क्षणी घड्याळ सुरू करायचं आणि तोंडानं ‘शून्य’ म्हणायचं. घाईत मूल ‘एक’ म्हणतं. मग वीस मोजून झाले असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं झालेली असतात. मुंबईत एक मीटर लांबीला ४०.२ ऐवजी ३८.२ सेकंद लागतात आणि गुरुत्व १०.८ येतं. बॅचमध्ये कुणाचं उत्तर १०.८ आलं की अनुभवी शिक्षकाला वही न उघडताच चूक कळते. घड्याळ मधल्या खुणेवरच सुरू करायचं यालाही कारण आहे. तिथे गोळ्याचा वेग सर्वांत जास्त असतो, त्यामुळे तो नेमका कधी गेला हे डोळ्याला पटकन टिपता येतं. टोकाला गोळा रेंगाळतो आणि डोळा फसतो.

तिसरी चूक सर्वांत देखणी आहे, आणि तिच्यासाठी थोडा वेळ थांबायला हवं. लंबकाची लांबी म्हणजे बुचाच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतचं अंतर. मुलं बऱ्याचदा फक्त दोरा मोजतात आणि गोळ्याची त्रिज्या विसरतात. समजा गोळा अडीच सेंटिमीटर व्यासाचा आहे. मुंबईत बसून कुणी हा प्रयोग बाकी सगळा काळजीनं केला, पण त्रिज्या विसरला, तर ४० सेंटिमीटर दोऱ्याला गुरुत्व ९.४९ मिळेल, ८० ला ९.६४ आणि १०० ला ९.६७. लांबी वाढेल तशी चूक आक्रसत जाते. हा क्रम दिसला की कुठेतरी एक ठरावीक लांबी सुटते आहे हे उघड होतं, कारण लांब दोऱ्यात सव्वा सेंटिमीटर किरकोळ असतो आणि आखूड दोऱ्यात भारी. आता याच आकड्यांचा आलेख काढावा. आडव्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग, उभ्यावर दोऱ्याची लांबी. रेषा सरळच येते, पण शून्यातून जात नाही. ती उभ्या अक्षाला शून्याच्या सव्वा सेंटिमीटर खाली छेदते. विसरलेली त्रिज्या तिथे समोर येऊन उभी राहते! आणि रेषेच्या उतारावरून काढलेलं गुरुत्व मात्र ९.७९ च्या आसपास, बरोबर येतं. चूक करणाऱ्यानं ती लपवली नाही, तर आलेख तिचं माप सेंटिमीटरात सांगतो आणि खरं उत्तरही सोबत देतो. जुळवलेल्या रीडिंगमध्ये हे सगळं मारलं जातं.

आणि जुळवून जुळवून गाठायचं ते ९.८ तरी नेमकं कुठलं? गुरुत्व सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर ते ९.७८० च्या जवळ असतं, ध्रुवांवर ९.८३२ पर्यंत जातं. पुस्तकांत कधी कधी दिसणारं ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवलं. ती सोयीसाठी मानलेली संख्या आहे. मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला गुरुत्व ९.७८६ च्या आसपास असतं. म्हणजे ज्या मुंबईकर मुलानं अतिशय काळजीपूर्वक प्रयोग करून ९.७९ काढलं आणि नंतर पुस्तकात ९.८१ पाहून खाडाखोड केली, त्यानं बरोबर उत्तर पुसून चुकीचं लिहिलं.

लंबकावरून गुरुत्व मोजण्याची कल्पना सतराव्या शतकातली. पडणं थेट मोजणं कठीण होतं, कारण सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदातच जवळजवळ पाच मीटर खाली येते आणि त्या काळी सेकंद मोजणारं घड्याळच नव्हतं. लंबकाचं घड्याळ करायचं तर एका सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाची लांबी आधी ठरवायला हवी. बोलोन्यातल्या जेझुइट पाद्री रिचोलीनं १६४२ मध्ये त्यासाठी जो खटाटोप केला तो आज अविश्वसनीय वाटतो. त्यानं आपल्या सहकारी पाद्र्यांना पाळीपाळीनं बसवून पूर्ण चोवीस तास लंबकाचे झोके मोजले. हवे होते ८६,४००. भरले ८७,९९८. दीड हजारावर फरक! रिचोलीनं हा आकडा दडवला नाही, आपल्या ग्रंथात छापला आणि लंबक सुधारून पुन्हा मोजणी केली.

ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६५६ साली लंबकाचं घड्याळ तयार केलं. त्यानंतर तीन वर्षांत त्यानं लंबकाचं गणित सोडवलं आणि त्याआधारे सांगितलं की पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात पॅरिसच्या मापाचे १५ फूट १ इंच अंतर कापते. मीटरमध्ये बदलून दुप्पट केलं की ९.८० येतं. वस्तू प्रत्यक्ष पडताना न पाहता, नुसत्या झोक्यावरून काढलेलं हे उत्तर आहे. पॅरिसच्या आजच्या मूल्यापेक्षा ते जेमतेम ०.१ टक्क्यानं कमी भरतं.

मग न जुळण्याची पहिली मोठी घटना आली. झाँ रिशे हा फ्रेंच खगोलनिरीक्षक १६७२ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कायेन इथे गेला. काम होतं मंगळाचं. तो तिथून आणि खगोलशास्त्रज्ञ कासिनी पॅरिसहून एकाच वेळी मंगळ पाहणार होते, म्हणजे त्याचं अंतर काढता आलं असतं. रिशेजवळचं सेकंदाचं घड्याळ पॅरिसमध्ये नीट लावलेलं होतं. कायेनला ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. ते बरोबर चालावं म्हणून लंबक सव्वा ‘लीन’ आखूड करावा लागला. लीन हे तेव्हाचं फ्रेंच माप, आणि सव्वा लीन म्हणजे तीन मिलिमीटरहूनही थोडं कमी. रिशेनं हे निरीक्षण एकदा करून सोडून दिलं नाही. दहा महिने आठवड्यामागून आठवडा त्यानं तेच मोजलं आणि परतल्यावर जसंच्या तसं कळवलं.

पॅरिसमध्ये लगेच कुणी मान डोलावली नाही. निरीक्षकाचीच चूक असेल, नाहीतर उष्ण हवेत लंबकाची दांडी प्रसरण पावली असेल, अशा शंका निघाल्या. त्या रास्त होत्या. पण १६७७ च्या सुमारास सेंट हेलेना बेटावर गेलेल्या एडमंड हॅलीलाही लंबक आखूड करावा लागला. न्यूटननं ‘प्रिन्सिपिया’त ही सगळी मापं एकत्र मांडली, उन्हानं लोखंड किती वाढतं याचा हिशेब लावला आणि तेवढ्यानं हा फरक भरून निघत नाही हे दाखवलं. त्याचं स्पष्टीकरण असं होतं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ती विषुववृत्ताशी फुगलेली आणि ध्रुवांशी चपटी आहे, आणि या दोन्ही कारणांनी विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी भरतं. चपटेपणाचं प्रमाण त्यानं सुमारे २३० ला १ असं काढलं. आजचं मूल्य २९८ ला १ आहे, पण दिशा बरोबर होती. फ्रान्समधल्या मापनांनी तेव्हा पृथ्वी ध्रुवांकडे लांबट असल्याचा निष्कर्ष दिला होता. तो वाद मिटवायला १७३० च्या दशकात फ्रेंच अकादमीनं एक मोहीम लॅपलंडला आणि दुसरी आजच्या इक्वेडोरमध्ये पाठवली. दोन्ही मोहिमांनी न्यूटनच्या बाजूनं कौल दिला. तीन मिलिमीटर दोऱ्यापासून सुरू झालेली गोष्ट इथवर आली.

लंबक आणि हिंदुस्थान यांचं नातं याच्या पुढचं. हेन्री केटर हा लष्करी अधिकारी मद्रास इलाख्यात विल्यम लॅम्बटनच्या हाताखाली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात होता. इंग्लंडला परतल्यावर १८१७ साली त्यानं उलटसुलट टांगता येणारा लंबक बनवला. त्याला दोन धारदार कडा होत्या. कुठल्याही कडेवर टांगलं तरी आवर्तकाल सारखा आला की त्या दोन कडांमधलं अंतर हीच लंबकाची नेमकी लांबी. गोळ्याचं केंद्र शोधण्याची अडचणच त्यानं मिटवली. लंडनच्या सेकंद-लंबकाची त्यानं काढलेली लांबी इतकी विश्वासार्ह मानली गेली की १८२४ च्या ब्रिटिश कायद्यात लिहिलं गेलं: प्रमाण यार्ड कधी नष्ट झाला तर ३९.१३९३ इंचांच्या या लंबकावरून तो पुन्हा करावा. दहा वर्षांनी पार्लमेंटला आग लागली आणि प्रमाण यार्ड खरोखरच निकामी झाला. तोवर केटरच्या मापांत हवेमुळे आणि इतर कारणांनी राहिलेल्या त्रुटी लक्षात आल्या होत्या. तज्ज्ञांनी लंबकाची वाट सोडली आणि उरलेल्या प्रतींवरून यार्ड बनवला. कायद्यात लिहिलेली संख्यासुद्धा त्यांनी तपासूनच पाहिली.

हिंदुस्थानात गुरुत्वाचा खरा पेच निर्माण झाला तो हिमालयामुळे. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक तारे पाहून एक येत होता आणि जमीन मोजून दुसरा. विसंगती पाच सेकंदांच्या थोडी वर होती, म्हणजे कोनाचे सेकंद. ओळंबा पर्वताकडे थोडा खेचला जातो हे माहीत होतं. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाचं वस्तुमान धरून हिशेब केला तर विसंगती पंधरा सेकंदांहून जास्त यायला हवी होती. एवढा मोठा पर्वत जेवढं ओढायला हवं त्याच्या एक तृतीयांशच ओढत होता. हा हिशेब १८५५ च्या निबंधातला. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की उंच पर्वतांखाली हलक्या खडकांची खोल मुळं असली पाहिजेत, आणि वरच्या वस्तुमानाची भरपाई त्या मुळांतल्या कमतरतेनं होते.

हे तपासायचं तर गुरुत्व जागोजागी मोजायला हवं होतं. ते काम कॅप्टन जेम्स बसेवी यांच्याकडे आलं. १८६५ पासून त्यांनी रॉयल सोसायटीचे लंबक घेऊन दक्षिणेपासून डेहराडून-मसुरीपर्यंत सर्वेक्षणाची ठाणी पालथी घातली. हवेचा अडथळा नको म्हणून लंबक धातूच्या सिलिंडरमध्ये ठेवून पंपानं हवा काढली जाई. मागे उभ्या केलेल्या घड्याळाच्या लंबकाशी त्याचे झोके केव्हा एकत्र येतात आणि पुन्हा केव्हा फाकतात हे दुर्बिणीतून पाहून आवर्तकाल काढला जाई. तापमान आणि उंची, दोन्हींची दुरुस्ती करावी लागे. १८७१ च्या उन्हाळ्यात बसेवी हे सगळं सामान घेऊन लडाखमधल्या मोरे पठारावर, सुमारे साडेपंधरा हजार फुटांवर गेले आणि तिथे मोजणी केली. त्याच प्रवासात, आणखी उंचावरच्या मुक्कामी, जुलैमध्ये त्यांचा मृत्यू झाला. उरलेलं काम कॅप्टन हेविसाइड यांनी पुरं केलं आणि तेच लंबक इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेत नेऊन पुन्हा तपासले. मुंबईतलं कुलाबा हे या मालिकेतलं एक ठाणं होतं.

निकाल असा निघाला. उंचीचा हिशेब केल्यावर हिमालयातल्या ठाण्यांवर गुरुत्व अपेक्षेहून कमी भरत होतं आणि मिनिकॉयसारख्या बेटावर ते किनाऱ्यापेक्षा जास्त होतं. डोंगराखाली हलकं, समुद्राखाली जड. प्रॅट यांच्या हिशेबाला आणि भरपाईच्या तर्काला लंबकानं आधार दिला. मुंबईजवळच्या किनारपट्टीवरही पुढच्या काळातल्या मोजण्यांत गुरुत्व अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं आणि दख्खनच्या लाव्ह्याखाली दडलेल्या जड खडकांशी भूवैज्ञानिक त्याचा संबंध जोडतात. हे फरक हजारात एकापेक्षाही बारीक आहेत. मोरे पठारावर बसेवींनी रीडिंग ‘बरोबर’ करून लिहिली असती, तर मृत्यूपूर्वीचं त्यांचं शेवटचं काम पूर्ण वाया गेलं असतं.

मोठ्या प्रयोगशाळाही चुकतात, आणि तेही सांगायला हवं. जर्मनीतल्या पोट्सडॅममध्ये कुनेन आणि फुर्टव्हेंगलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलटसुलट लंबकांनी वर्षानुवर्षं मोजून ९.८१२७४ हे मूल्य दिलं. त्यानंतर जगभरची गुरुत्वमापं या एका आकड्याला बांधली गेली. १९३० च्या दशकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या नव्या मोजण्या त्याच्याशी जुळेनात. शेवटी १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय जाळं नव्यानं ठरवताना पोट्सडॅमचा आकडा ०.०००१४ नं खाली आणला गेला. आज निर्वात नळीत आरसा सोडून लेसरनं त्याचं पडणं मोजतात, आणि अब्जात काही भाग इतक्या अचूकतेनं गुरुत्व मिळतं.

शाळेच्या लंबकाला एवढं जमणार नाही, पण मुलांना वाटतं त्यापेक्षा बरंच जमतं. एक मीटरच्या लंबकाची शंभर दोलनं मुंबईत २००.८५ सेकंदांत होतात, आणि गुरुत्व ९.८१ असतं तर ती २००.६१ सेकंदांत झाली असती. फरक पाव सेकंदाचा. अंगठ्याची चूक जवळपास तेवढीच असते, म्हणून टेबलावर हे कळणं कठीण. जिन्यात मात्र शक्य आहे. दोन मजल्यांच्या जिन्याच्या मधल्या पोकळीत चार मीटर दोरा टांगावा. आवर्तकाल चार सेकंदांच्या थोडा वर जातो आणि शंभर दोलनांत हाच फरक अर्धा सेकंद होतो. लांबीतली मिलिमीटरभर चूक इथे चार हजारांत एक उरते. गोळा जड घ्यावा. नायलॉनचा दोरा वजनानं ताणतो, म्हणून लांबी गोळा टांगल्यावरच मोजावी. पट्टी कमी पडेल, तेव्हा पोलादी टेप वापरावी. दाराखिडक्या बंद ठेवाव्यात आणि झोका पाच अंशांच्या आत ठेवावा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं घड्याळ धरायचं, आणि दोघांनी एकमेकांचा आकडा पाहायचा नाही. वर्गातल्या दहा-बारा गटांची उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहिली, की ती ९.७९ भोवती किती पसरली आहेत ते दिसतं. त्या पसाऱ्यावरून या वर्गाला ९.७९ आणि ९.८१ यांतला फरक ओळखता येतो का, हे मुलांना स्वतःच ठरवता येतं.

गुणांची वाटणी मात्र बदलावी लागेल. आज प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तर ९.८ च्या किती जवळ आहे हे पाहिलं जातं. त्याऐवजी जर्नलमध्ये तीन गोष्टी मागाव्यात. पेनानं लिहिलेली, खाडाखोड न केलेली मूळ रीडिंग्ज. आलेखाची रेषा शून्यातून जाते की नाही, आणि जात नसेल तर का. उत्तरापुढे अधिक-उणे किती, आणि तो आकडा कुठून आला. ज्या मुलाचं उत्तर ९.६४ आलं आणि ज्यानं आलेखावरून गोळ्याची त्रिज्या ओळखली, त्याला पूर्ण गुण द्यावेत. असं करायला नवीन अभ्यासक्रम लागत नाही, नवी साधनं तर नाहीतच. येत्या जूनमध्ये पहिल्या बॅचला पहिल्या तासाला हे सांगता येईल.